टेंभूचा मुलगा, 'केसरी'चा संपादक

आटपाडी, खानापूर, सांगोला या पट्ट्यात टेंभू हे आज पाण्याचे नाव आहे. कऱ्हाडच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर हे गाव वसले आहे. तिथे नदीला बंधारा घालून पाणी उचलतात, टप्प्याटप्प्याने वर चढवतात आणि कोसच्या कोस लांबच्या कोरड्या रानांत सोडतात. टेंभूचे पाणी कधी सुटणार, हा त्या भागातल्या शेतकऱ्याच्या तोंडी नेहमीचा प्रश्न असतो. त्याच टेंभूत १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर जन्मले. पाण्याची वाट पाहणाऱ्या सगळ्यांनाच हे ठाऊक असेल असे नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. आगरकरांना आपण शाळेच्या धड्यात बसवले, त्यांच्या नावाला 'समाजसुधारक' असा एक शब्द जोडला आणि पुढे गेलो.

ही वाटणी फार जुनी आहे. राजकारण टिळकांचे, समाजकारण आगरकरांचे. परीक्षेत लिहायला ती सोयीची, पण आगरकरांवर तिने मोठा अन्याय केला आहे. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर होते. जवळजवळ सात वर्षे ते पत्र त्यांनी चालवले. राजकीय मजकूर छापल्याबद्दल ते तुरुंगात गेले तेव्हा त्यांचे वय अवघे २६ होते. हा राजकीय पत्रकार कुठल्या घरातून आला आणि त्या घराने त्याच्या लेखणीला काय दिले, हे मला इथे सांगायचे आहे.

घर गरीब ब्राह्मणाचे. वडील गणेशपंत, आई सरस्वतीबाई. मुलाला शिकवण्याची ऐपत घरात नव्हती आणि टेंभूत राहून शिकण्यासारखेही फारसे काही नव्हते, म्हणून गोपाळ कऱ्हाडला मामांच्या घरी राहिला. तिथल्या शाळेत मिळेल तेवढे इंग्रजी शिकून झाले आणि पुढचा रस्ता खुंटला. त्या काळी गावाकडच्या हुशार, गरीब मुलाला या टप्प्यावर एकच दार उघडे असे, ते म्हणजे सरकारी कचेरी. गोपाळ कऱ्हाडच्या मामलेदार कचेरीत उमेदवार म्हणून बसला. अशा उमेदवाराला आधी राबायचे असते; पगार पुढे कधीतरी मिळेल तेव्हा मिळेल.

या कचेरीतल्या दिवसांकडे चरित्रकार घाईने पाहून पुढे जातात. मला मात्र ते महत्त्वाचे वाटतात. राज्य म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या मुलाला पुस्तकातून कळे. मामलेदार कचेरीत बसलेल्या पोराला ते समोर दिसे. सारा भरायला आलेला कुणबी कसा उभा राहतो, शिरस्तेदार त्याच्याशी कोणत्या आवाजात बोलतो, अर्ज किती दिवस पडून राहतो आणि कागदावर वजन कसे ठेवावे लागते, हे तिथे रोज चालत असे. पुढे सत्तेपुढे वाकण्याच्या सवयीवर आगरकरांनी जे लिहिले, ते त्यांनी नुसते मिल आणि स्पेन्सर वाचून लिहिले असे मला वाटत नाही.

कचेरीत मन रमले नाही. शिकायचेच, असा हट्ट धरून हा मुलगा कऱ्हाडहून सह्याद्री उतरून रत्नागिरीला पायी गेला. जाताना भरवसा कोकणातल्या ओळखीपाळखीवर होता. तिथे दुसऱ्याच्या घरी पडेल ते काम करावे, वार लावून जेवावे आणि उरल्या वेळात शाळा करावी, असा बेत होता. तो फार काळ टिकला नाही. आसरा पुरेसा मिळाला नाही आणि गोपाळ आला त्या वाटेने कऱ्हाडला परत गेला. याच रत्नागिरीत, आगरकरांहून अवघ्या नऊ दिवसांनी धाकटा असलेला एक मुलगा जन्मला होता. पण त्याचे वडील शिक्षण खात्यात असल्याने ते कुटुंब आधीच पुण्याला गेले होते. बाळ टिळकांनी १८७२ मध्ये सोळाव्या वर्षी मॅट्रिकची परीक्षा दिली. आगरकर ती १८७५ मध्ये पास झाले. बुद्धी दोघांनाही भरपूर होती. मधली तीन वर्षे गरिबीने खाल्ली.

त्या वर्षांत कऱ्हाडच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी कंपाउंडरचे कामही केले. औषधाच्या पुड्या बांधणे, मिश्रणे ढवळणे, रोग्यांच्या ओळी लावणे. मग अकोल्याच्या नातेवाइकांकडून बोलावणे आले आणि गोपाळ वऱ्हाडात गेला. अकोला तेव्हा निजामाने इंग्रजांच्या हवाली केलेल्या मुलखातले वाढते गाव होते, कापसाच्या पैशाने गजबजलेले. तिथल्या शाळेत विष्णु मोरेश्वर महाजनी हे विद्वान शिक्षक भेटले. एकदा महाजनी वर्गावर चिडले आणि तुमच्यासारख्यांच्या हातून काय होणार, अशा अर्थाचे काही बोलले. तेव्हा हा पोरगा उठून, मी तुमच्यासारखाच एम. ए. होऊन दाखवीन, असे म्हणाला, ही गोष्ट त्यांच्या बहुतेक चरित्रांत येते. महाजनींनी हा बाणेदारपणा मनात ठेवला, आणि पुढेही त्यांचा लोभ राहिला. अकोल्यातच 'वऱ्हाड समाचार'मध्ये आगरकरांचे पहिलेवहिले लिखाण छापून आले. मराठी राजकीय पत्रकारितेतल्या या मोठ्या लेखणीची उमेदवारी पुण्यात झाली नाही, वऱ्हाडातल्या एका लहान पत्रात झाली.

डेक्कन कॉलेजातली वर्षे मी थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांना माहीत आहेत. अंगावर एकच सदरा. तो रात्री धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचे. शिष्यवृत्ती, निबंधाची बक्षिसे, वक्तृत्वाची बक्षिसे यांवर फी आणि पोट दोन्ही भागवायचे. १८७८ मध्ये बी. ए. झाले. त्याआधी, १८७७ मध्ये, यशोदाबाईंशी लग्न झाले होते. नंतर इतिहास आणि तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. चा अभ्यास सुरू झाला. याच काळात कायद्याचा अभ्यास करणारे टिळक भेटले आणि देशाचे काय करायचे, यावर दोघांच्या रात्रीच्या रात्री जागून बोलण्यांत गेल्या.

त्या बोलण्यांना काळाची धग होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनेत माणसे आणि गुरे पटापट मेली होती. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या पत्रांचे तोंड बांधणारा कायदा आणला. १८७९ च्या मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा जळाला, विश्रामबागवाड्याला आग लागली, आणि जुलैत वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. त्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली. तेवीस वर्षांच्या दोन मुलांपुढे प्रश्न अगदी उघडा होता. शिकून सरकारी नोकरी धरायची, की आपली शाळा आणि आपले पत्र काढायचे?

आगरकरांनी उत्तर आधी आईला कळवले. एम. ए. च्या अभ्यासाच्या दिवसांत सरस्वतीबाईंना लिहिलेले त्यांचे पत्र प्रसिद्ध आहे. आता मुलगा मोठ्या परीक्षा देणार, मोठ्या पगाराची नोकरी लागणार, घराचे पांग फिटणार, अशी आशा तुला वाटत असेल. पण मी ती आत्ताच मोडतो, पोटापुरते मिळवीन आणि उरलेला सगळा वेळ दुसऱ्यांच्या हितासाठी घालवीन, असा त्याचा आशय आहे. या पत्राचे कौतुक फार झाले. ते लिहिताना त्या मुलाला काय यातना झाल्या असतील, याचा विचार कमी झाला. टेंभूच्या घरात त्या पगारावाचून कुणाचे काही अडणार नव्हते, असे नव्हते. अडणारच होते. आईने वर्षानुवर्षे ज्या दिवसाची वाट पाहिली, तो दिवस येणार नाही, हे तिला मुलाने स्वतःच्या हाताने लिहून कळवले.

आगरकरांची सारी पत्रकारिता या पत्रावर उभी आहे, असे माझे मत आहे. आपल्याला किती कमी पुरेल, हा हिशेब त्यांनी चोविसाव्या वर्षाच्या आत पुरा केला होता. ज्याचा हा हिशेब झाला, त्याला सरकारला घाबरण्याचे कारण उरत नाही, वर्गणीदारालाही नाही आणि मित्रांनाही नाही. पुढच्या पंधरा वर्षांत आगरकरांना या तिघांच्याही विरोधात उभे राहावे लागले.

२ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. एम. ए. उरकून आगरकर वर्षभराने तिथे आले. तोवर छापखान्याची जुळवाजुळव झाली होती. जुने सामान विकत घेऊन आर्यभूषण छापखाना थाटला. खिळ्यांच्या पेट्या या मंडळींनी स्वतः वाहून आणल्या. 'केसरी'च्या जाहीरपत्रकावर चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी, आपटे आणि डॉ. गर्दे अशी सहा नावे होती. रस्त्यात दिवे लागलेले असले आणि गस्त फिरत असली की जो उपयोग होतो, तोच वर्तमानपत्राच्या लेखणीने राज्यकारभारात होतो, अशी कल्पना त्यात मांडलेली होती. २ जानेवारी १८८१ च्या रविवारी इंग्रजी 'मराठा' निघाला आणि ४ जानेवारीच्या मंगळवारी 'केसरी'. 'मराठा' टिळकांनी पाहायचा आणि 'केसरी' आगरकरांनी, असे ठरले. इंग्रजी पत्र रत्नागिरीच्या गणितज्ञाकडे आणि मराठी पत्र टेंभूच्या तत्त्वज्ञाकडे, ही वाटणी अनेकांना आज उलटी वाटेल. पण ती तशीच होती.

पत्र सुरू होऊन वर्ष होते ना होते, तोच कोल्हापूरचे प्रकरण पेटले.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांच्या मागे दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज अजून वयात येत होते, आणि कारभार इंग्रज अधिकारी व कारभारी राव बहादूर माधवराव बर्वे यांच्या हातात होता. महाराजांना वेड लागले आहे, असे सांगितले जात होते. त्यांना वेड लागलेले नाही, ते लावले जात आहे, त्यांचे हाल होत आहेत, अशी कुजबुज कोल्हापुरापासून पुण्यापर्यंत पसरली. छत्रपतींच्या गादीचा प्रश्न म्हणजे मराठी मनाचा सर्वांत नाजूक भाग. त्यातच बर्व्यांच्या हातची म्हणून काही पत्रे पुण्यात आली. महाराजांविरुद्ध कट असल्याचा पुरावाच ती देत होती. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी या विषयावर जळजळीत लिहिले आणि पत्रांतला मजकूर छापला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली.

पत्रे बनावट निघाली.

इथे थांबले पाहिजे. आपल्या इतिहासात हे प्रकरण शौर्याचे म्हणून सांगण्याची पद्धत आहे, आणि शौर्य त्यात होतेच. पण पत्रकार म्हणून आगरकर आणि टिळक यांची चूकही झाली होती. कागद हातात आला, तो खरा वाटला, तो खरा असावा अशी मनापासून इच्छा होती, म्हणून छापला. अक्षराची शहानिशा केली नाही. पत्रे खोटी असल्याचे दिसून येताच दोघांनी कोर्टात दिलगिरी व्यक्त केली. आपली चूक भर कोर्टात कबूल करायला लागणारे धैर्य मला त्या लेखांतल्या धैर्याइतकेच मोठे वाटते. दिलगिरी देऊनही शिक्षा टळली नाही. १७ जुलै १८८२ रोजी चार महिन्यांची साधी कैद झाली.

या खटल्यात जामिनाची गोष्ट आहे, ती मनाला फार लागते. जामीन दहा हजारांचा हवा होता. शाळेच्या मास्तरांकडे एवढे पैसे कुठून येणार? धावून आले जोतीराव फुले. त्यांनी आपले स्नेही रामशेट बापूशेट उरवणे यांना सांगितले आणि उरवण्यांनी जामीन दिला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून याच फुल्यांवर किती कडवट टीका केली होती, ते सर्वांना माहीत आहे, आणि हे दोन तरुण चिपळूणकरांच्याच पंखाखालचे. फुल्यांनी तो हिशेब काढला नाही. संस्थानाच्या गादीबद्दल लिहून दोन तरुण संकटात सापडले आहेत, एवढेच त्यांनी पाहिले. चिपळूणकर खुद्द हे पाहायला उरले नव्हते. १७ मार्च १८८२ रोजी, बत्तिसाव्या वर्षाच्या आतच, ते वारले. कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी खटल्याच्या मदतीसाठी नाटक केले. त्यात काम करणाऱ्यांत गोपाळ कृष्ण गोखले नावाचा सोळा वर्षांचा मुलगा होता. हा मुलगा पुढे आपल्या कथेत परत येईल.

डोंगरीच्या तुरुंगात दोघांना एकाच लहानशा खोलीत ठेवले होते. सुरुवातीचे दिवस अन्नाच्या दृष्टीने वाईट गेले. शिक्षा संपेपर्यंत टिळकांचे वजन २४ पौंडांनी आणि आगरकरांचे १६ पौंडांनी उतरले. बोलणे मात्र थांबले नाही. समाज आधी की स्वराज्य आधी, धर्मात किती हात घालावा, शाळेचे पुढे काय करावे, यावर रात्री आवाज इतके चढत की पहारेकऱ्यांना गप्प करावे लागे. पाच वर्षांनी ज्या वादाने हे दोघे कायमचे दूर झाले, तो वाद त्या खोलीत पूर्ण मैत्रीत चालला होता. वाचायला पुस्तके मिळू लागली तेव्हा आगरकरांनी शेक्सपिअरचा 'हॅम्लेट' मराठीत आणायला घेतला. तेच पुढे १८८३ मध्ये छापले गेलेले 'विकारविलसित'. २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे सुटले. बाहेर गर्दी लोटली होती. सत्कार करणाऱ्यांत सत्यशोधक मंडळीही होती.

सुटकेनंतर आगरकरांनी लगेच एक छोटे पुस्तक लिहिले: 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस'. आपण हुतात्मे आहोत, असा सूर त्यात नाही. खोली केवढी, ढेकूण किती, जेवण कसे, कैद्यांशी कोण कसे वागते, याची बारकाईने मांडलेली ती नोंद आहे. राजकीय कैद्याने आपल्या तुरुंगवासाबद्दल लिहिण्याची जी मोठी परंपरा पुढे मराठीत झाली, तिच्या अगदी आरंभाला हे पुस्तक उभे आहे. कऱ्हाडच्या दवाखान्यात पुड्या मोजणाऱ्या आणि कचेरीत नोंदी उतरवणाऱ्या मुलाची नजर त्यात पानोपानी दिसते.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळे झाले ते महाराज? २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला, पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस. पत्रे खोटी होती, पण 'केसरी'ची काळजी खोटी नव्हती.

तुरुंगाने 'केसरी'ची पत वाढवली. पुढची पाच वर्षे आगरकरांच्या संपादनातली भरभराटीची. रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव आणला, इल्बर्ट बिलावरून गोऱ्यांनी आकाशपाताळ एक केले, १८८५ च्या डिसेंबरात मुंबईला राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. या पहिल्या सभेला पुण्याहून गेलेल्या मोजक्या लोकांत आगरकर होते. दिवसा न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ पासून फर्ग्युसन कॉलेज, रात्री अग्रलेख, आणि मधल्या वेळात दम्याची धाप. हा दमा त्यांनी तरुणपणापासून सोसला.

पण 'केसरी' एकट्या आगरकरांचा नव्हता. तो मंडळीचा होता. बालविवाह, विधवांचे हाल, संमतीचे वय यांवर संपादक एक म्हणे आणि मंडळीतले बहुतेक दुसरे. १८८४ मध्ये मलबारींनी बालविवाहाचा प्रश्न देशापुढे आणला, नंतर रखमाबाईंचा खटला उभा राहिला, आणि पत्रात काय छापावे यावरून दर आठवड्याला ओढाताण होऊ लागली. त्यातच शाळा-कॉलेजच्या संस्थेने पत्रांचा आणि त्यांच्या कर्जाचा भार वाहावा की नाही, हा पैशाचा वाद मिसळला. १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकरांनी 'केसरी' सोडला.

त्यांना गप्प बसता आले असते. प्राध्यापकी होती, घर चालत होते. पण १५ ऑक्टोबर १८८८ च्या सोमवारी 'सुधारक' निघाला, मराठी आणि इंग्रजी अशा दोन भागांचा. इंग्रजी भाग सांभाळायला फर्ग्युसनमधले बावीस वर्षांचे तरुण प्राध्यापक आले. तेच गोखले, ज्यांनी सहा वर्षांपूर्वी कोल्हापुरात नाटक केले होते. मराठी बाजू आगरकरांच्या एकट्याच्या खांद्यावर होती.

'सुधारक' म्हणजे राजकारण सोडून समाजाकडे वळलेले पत्र, असे समजणाऱ्यांनी 'गुलामांचे राष्ट्र' हा त्यांचा निबंध वाचावा. घरात वडीलधाऱ्यांपुढे, गावात रूढीपुढे आणि देवळात भटजीपुढे ज्याने कधी 'का?' विचारले नाही, तो माणूस सरकारपुढे एकाएकी ताठ कसा उभा राहील, हा त्यांचा मुद्दा. गुलामी त्यांना एकच दिसत होती. तिची दारे तेवढी वेगवेगळी होती. 'मूळ पाया चांगला पाहिजे' या निबंधाच्या नावातच हे येते. म्हणून 'सुधारका'तला आगरकर मला 'केसरी'तल्या आगरकरांपेक्षा अधिक राजकीय वाटतो. 'केसरी'त त्यांचा सामना दूरच्या सत्तेशी होता. 'सुधारका'त तो शेजारच्या वाड्यात राहणाऱ्या सत्तेशी होता, आणि तिचा मार जवळून बसतो.

तो बसला. संमतीवयाच्या बिलावर पुणे दुभंगले. १८९१ चा कायदा मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करणारा, एवढाच होता. पण त्यावरून आगरकरांना धर्मबुडवा ठरवले गेले. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली, ते जिवंत असताना. आपल्याच माणसांनी आपली तिरडी नेलेली त्यांना पाहावी लागली. दुसऱ्या आठवड्यात 'सुधारक' नेहमीसारखा निघाला.

घरात काय चालले होते? यशोदाबाई देवभक्त, व्रतवैकल्ये पाळणाऱ्या. सोवळे-ओवळे, उपासतापास यांवर लेखामागून लेख लिहिणारा माणूस संध्याकाळी ज्या घरी जाई, तिथे देवापुढे दिवा लागलेला असे. आगरकरांनी तो विझवायला लावला नाही. आपले पटवून सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे, लादण्याचा नाही, हे बाहेर जे लिहिले ते त्यांनी घरात पाळले. स्त्रियांची गुलामी मोडा म्हणणाऱ्याने बायकोवर आपली नास्तिकता लादली असती, तर त्या निबंधांना काय किंमत उरली असती? टेंभूच्या घरातली श्रद्धा त्यांना आतून ठाऊक होती. त्यांच्या लेखनात रूढीबद्दल संताप भरपूर आहे, पण तिच्यात अडकलेल्या माणसांबद्दल तुच्छता नाही. मला वाटते, ते यामुळे.

१८९२ मध्ये प्राचार्य वामन शिवराम आपटे वारले आणि फर्ग्युसनची जबाबदारी आगरकरांवर आली. त्याआधीच, १८९० मध्ये, टिळकांनी संस्था सोडली होती. प्राचार्यपद, वर्ग, 'सुधारक' आणि दमा, हे सारे एका शरीराला झेपणारे नव्हते. शेवटच्या दुखण्यात टिळक भेटून गेले, असे सांगतात. १७ जून १८९५ रोजी आगरकर वारले. एकोणचाळिसावे वर्ष पुरे व्हायला चार आठवडे कमी होते. आपल्या अंत्यविधीचा भार कुणावर पडू नये, म्हणून त्यांनी उशाशी पुडीत वीस रुपये बांधून ठेवले होते. आईला लिहिलेल्या पत्रातला हिशेब त्यांनी शेवटपर्यंत चुकू दिला नाही. 'केसरी'त मृत्युलेख टिळकांनी लिहिला. एरवी झरझर मजकूर सांगणाऱ्या टिळकांना ते दोन-तीन रकाने पुरे करायला तासन्‌तास लागले. पुन्हा पुन्हा डोळे भरून येत होते, असे त्यांच्या जवळच्यांनी नोंदवले आहे.

आगरकरांचे निबंध आज छापील मिळतात, त्यांच्यावर व्याख्याने होतात, पण चर्चा बहुतेक 'सुधारका'पाशी सुरू होते आणि तिथेच संपते. वाचकांना माझी एक विनंती आहे. आगरकर वाचायला घ्याल, तर सुरुवात डोंगरीच्या त्या लहानशा पुस्तकाने करा. एका बैठकीत ते संपते. मग 'केसरी'तले निबंध घ्या आणि 'सुधारक' त्यानंतर. ज्या क्रमाने ते जगले, त्या क्रमाने त्यांना वाचा.